लेलंडच्या काचा

९ जुलै १९६२, सोमवार

इकडे उजाडत होतं तेव्हा तिकडे पॅसिफिकवर बॉम्ब फोडला. आपल्याच अमेरिकन लोकांनी. जमिनीवर नाही, पाण्यावर नाही — अडीचशे मैल उंच, आकाशात. न्याहारीला बसलो तर रेडिओ तेच सांगत होता. हवाईत रस्त्यावरचे दिवे गेले, आभाळ लाल झालं, लोक हॉटेलांच्या गच्च्यांवर हातात पेले घेऊन बघत उभे होते म्हणे.

वेंडेल पावाला लोणी लावत म्हणाला, "चला. आता देवालाही कळलं, खाली कोण राहतं ते."

मी हसले. नवऱ्याच्या सकाळच्या विनोदाला हसलेलं बरं असतं, दिवस सरळ जातो.

प्रयोगशाळेत त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. उकाडा भयंकर. मोजणी-यंत्राच्या खोलीत तेवढा गारवा, म्हणून सगळे काही ना काही निमित्त काढून तिथेच.

१४ जुलै, शनिवार

फ्रेडरिक गावाहून एडिथताईचा फोन. "विनी, तू तिथे नक्की करतेस तरी काय? शेजारणी विचारतात, मी सांगते गणितं करते. त्यांना वाटतं शाळेत शिकवते."

सांगता येईल तेवढं सांगितलं. आकाशात एक डबा फिरतो आहे. कंबरेएवढा उंच, दोन हातांत मावणार नाही इतका रुंद, वजनाला एका दांडग्या माणसाएवढा. सहाशे-सातशे मैलांवरून पावणेदोन तासांत पृथ्वीला एक फेरी. फार उत्तरेला येत नाही, फार दक्षिणेला जात नाही, मधल्या पट्ट्यातच फिरतो. त्याचं काम एकच — एका पट्टीत सूर धरून ठेवायचा. आगगाडी शिट्टी देत येते तेव्हा सूर चढा लागतो आणि पुढे गेली की उतरतो, तसाच याचाही. तो सूर कधी आणि किती उतरला हे समुद्रातल्या जहाजाने ऐकलं की आपण कुठे आहोत ते त्याला काढता येतं — फक्त तो डबा त्या वेळी नेमका कुठे होता हे कोणीतरी आधी सांगून ठेवलेलं हवं. ते मी सांगते. मी आणि मोजणी-यंत्र.

"म्हणजे वाट चुकलेल्यांसाठी," एडिथ म्हणाली.

हो म्हटलं. जहाजं कसली, पाण्याखालची, आणि त्यांच्या पोटात काय असतं, ते नाही सांगितलं. ते तिला वर्तमानपत्रातूनही कळेल.

१७ जुलै

ट्रान्झिट ४-बीच्या (आकाशातला तोच डबा) वीजपुरवठ्याचे आकडे वाईट आहेत. दर खेपेला जरा खाली. आधी वाटलं, माझ्याकडून मोजणी-यंत्रात घालायची भोकांची कार्डं उलटसुलट लागली. पुन्हा लावली. तेच.

त्याच्या पोटातली छोटी अणुबॅटरी जूनमध्येच रुसली होती. तेव्हापासून सगळा भार बाहेरच्या अंगाला लावलेल्या सौर पट्ट्यांवर. उन्हाची वीज करणाऱ्या बारीक चकत्या, वर काच. आमच्याकडे सगळे त्यांना 'लेलंडच्या काचा' म्हणतात, कारण लेलंड प्रुइटने त्या बसवल्या. एकेक. चिमट्याने.

दुपारच्या बैठकीत डॉ. हॅवरकँपनी (आमचे प्रमुख) आकडे वाचून दाखवले आणि कागद खाली ठेवला.  बैठकीतल्या सगळ्या माना लेलंडकडे वळल्या. माझीही वळली. मान आपोआप वळते.

१९ जुलै

लेलंड जेवायला आला नाही. त्याच्या खोलीत डोकावले. राखून ठेवलेल्या पट्ट्या दिव्यांखाली मांडून बसला होता.

"गेल्या वर्षी चिकटवायचं रसायन बदललं," तो म्हणाला. "आधीचं थंडीत तडकायचं. हे चांगलं होतं विनी, मी महिनाभर भट्टीत घालून पाहिलं होतं. पण वर महिनाभर म्हणजे काय? वर ऊन-सावली, ऊन-सावली, दर फेरीला. काच सुटली असेल. नाहीतर पिवळी पडली असेल."

"असेलच असं नाही."

"मग दुसरं काय? तू सांग ना."

मला खरंच माहीत नव्हतं. 

मी इथे लागले तेव्हा मला 'मिसेस बेकेट' म्हणून हाक मारणारा हा एकटा. बाकीचे 'पोरींनो' म्हणायचे. चाळिशीला आलेल्या बाईला पोरी! आता सगळेच विनी म्हणतात, पण ते लक्षात राहिलं आहे.

२३ जुलै, सोमवार

हॅवरकँपनी बोलावलं. दार लावलं. आत स्ट्राउड बसला होता — सुरक्षेचा माणूस, वेंडेलचा मासेमारीतला दोस्त. आमच्या अंगणात भाजलेले खेकडे किती वेळा खाल्लेत त्याने, हातोडीने कवचं फोडत, कोपरापर्यंत मसाला लावून. आज ओळख नसल्यासारखा बसला होता.

गुप्ततेच्या कागदावर सही करायला सांगितली. केली.

मग हॅवरकँप म्हणाले, "वॉशिंग्टनला शंका आहे की नऊ तारखेच्या स्फोटातून निघालेले कण वरच अडकून पडलेत. पृथ्वीभोवती पट्टा झालाय त्यांचा. आपला उपग्रह दर फेरीला त्या पट्ट्यातून जातो. तुम्ही त्याची कक्षा जाणता. किती वेळ आत असतो, किती मार बसतो, एवढं काढून द्या. चौघांपलीकडे हे जाता कामा नये."

"लेलंड चौघांत आहे?" मी विचारलं.

"प्रुइटच्या कामाची चौकशी चालू आहे. चौकशी चालू असलेल्या माणसाला कसं घ्यायचं?"

"पण हे खरं असेल तर चौकशीच—"

स्ट्राउड म्हणाला, "मिसेस बेकेट, ते वॉशिंग्टन ठरवेल." मिसेस बेकेट! माझ्या हातचा पीचचा केक खाल्लेला माणूस.

२५ जुलै

गणित उतरलं. सुटे आकडे वेगळे घेतले तर काही दिसत नाही. ओळीने मांडले की रेघ उड्डाणापासून, म्हणजे नोव्हेंबरपासून, जवळजवळ सपाट आणि नऊ जुलैला मोडते. कड्यावरून पाऊल घसरावं तशी.

रसायन नाही, काच सुटणं नाही. दुसऱ्या एका केंद्राचा उपग्रहही त्याच दिवसापासून आजारी आहे. त्याच्या अंगावर लेलंडची एकही काच नाही.

हॅवरकँपनी माझा कागद घेतला, घडी घातली, कपाटात ठेवला. "सुंदर काम," म्हणाले.

२६ जुलै

लेलंड दाढी न करता आला. आज त्याने स्वतःहून कबुली लिहून दिली म्हणे — रसायन बदलण्याचा निर्णय माझा, दुसऱ्या कोणाला जबाबदार धरू नये.

न केलेल्या चुकीची कबुली. आणि मी त्याच्या समोरून कॉफीचा कप घेऊन गेले.

२८ जुलै, शनिवार

सांगितलं.

ठरवून गेले नव्हते. म्हणजे गाडीत बसताना स्वतःला सांगितलं होतं की कोरिनला मक्याची कणसं द्यायला चालले आहे. कोरिन त्याची बायको. तिने दारातच सांगितलं, "तो मागे आहे. जेवत नाही. तू बघ काही खातोय का."

मागे टोमॅटोच्या वाफ्यात तो पालथ्या बादलीवर बसला होता. काम करत नव्हता, बसला होता. कणसं खाली ठेवली आणि बोलून टाकलं. बॉम्ब. पट्टा. नऊ तारीख. दुसरा उपग्रह. चार वाक्यांत संपलं.

 तो म्हणाला, "रसायन नाही?"

"नाही."

"काच सुटली नाही?"

"नाही, लेलंड. तुझ्या काचा जागच्या जागी आहेत. आपल्याच बॉम्बने मारल्या त्या."

तो हसला, आणि हसता हसता चेहरा हातांत घेतला. मातीचे हात. खांदे हलत होते. कोरिन जाळीच्या दारातून बघत होती, तिला वाटलं असेल मी काहीतरी भयंकर सांगितलं.

"कोणाला सांगू नकोस," मी म्हटलं. "मी सही केली आहे."

"वेडी आहेस का. मी कोणाला सांगणार?" त्याने पिकलेला टोमॅटो तोडून माझ्या हातावर ठेवला. मग स्वतः एक तसाच चावून खाल्ला, रस हनुवटीवर. कित्येक दिवसांनी खात असेल.

बरं वाटलं. भीती वाटते आहे, पण बरंही वाटतं आहे.

२९ जुलै, रविवार

चर्चमधून आल्यावर वेंडेलला सांगितलं. पोटात ठेवणं जमेना. काय कळलं ते नाही सांगितलं — एवढंच, की जे बोलायचं नव्हतं ते मी लेलंडजवळ बोलले.

त्याने टाय सोडता सोडता हात थांबवले. "तू मला हे सांगितलं नाहीस," म्हणाला. "आणि मी ऐकलं नाही. कळलं?"

"रागावलास?"

"घाबरलो. राग नंतर येईल."

तोही सरकारी नोकरीतला. नौदलाच्या कार्यालयात बसतो, काय करतो ते मी विचारत नाही. आमच्या घरात दोन माणसं आणि दोन कुलपं, असं तो गमतीने म्हणतो.

दुपारी गळ घेऊन खाडीवर गेला. स्ट्राउडबरोबर. ते आधीपासून ठरलेलं होतं.

३० जुलै, सोमवार

लेलंडची खोली बंद. दिवे विझलेले. दारावर सुरक्षेची पट्टी.

३१ जुलै

त्याचा गुप्त कामाचा परवाना काढून घेतला. आता त्याला फाटकाच्या आत येता येणार नाही. गुप्त माहिती अनधिकृतपणे मिळवली, असं कारण. कोणाकडून मिळवली ते तो सांगत नाही.

दिवसभर माझ्या बोलावण्याची वाट पाहिली. पाऊल वाजलं की हातातलं काम ठेवून दाराकडे बघायचे. कोणी आलं नाही. स्ट्राउड जिन्यात भेटला, टोपीला हात लावून पुढे गेला.

मला का विचारत नाहीत?

२ ऑगस्ट, गुरुवार

४-बी गप्प झाला.

ठरलेल्या वेळी दक्षिणेला क्षितिजावर यायला हवा होता, आलाही असेल. अँटेना त्याच्याकडे वळवले, हेडफोन कानाला लावले, नुसती खरखर. वीज ठरावीक मर्यादेखाली गेली की तो स्वतःच सूर बंद करतो, तशी सोय आहे. पुढच्या फेरीला पुन्हा ऐकलं. त्याच्या पुढच्या फेरीलाही. हॅवरकँप खिडकीशी उभे होते, म्हणाले, "नोंद करा."

तो फिरत राहील. तितक्या उंचीवरून लवकर पडत नाही कोणी. शेकडो वर्षं फिरेल, मुका.

५ ऑगस्ट

लेलंडकडे गेले. वाफे वाळलेत, पाणी घातलेलं नाही. तो पायरीवर बसला होता, मला बघून जरा सरकून जागा केली.

"मी जाते स्ट्राउडकडे," मी म्हटलं. "सांगते मी बोलले म्हणून."

"तू गेलीस तर मला परवाना परत देतील?"

"नाही."

"मग एकाच्या जागी दोघं जातील. एक पुरे."

"त्यांना कळलं कसं लेलंड? कोणी सांगितलं?"

त्याने मान खाली घातली. बुटाच्या टोकाने मुंगी हुसकली. "ते सोड आता," म्हणाला. "झालं ते झालं."

त्याला माझ्यावर घाव घालायचा नव्हता, म्हणून बोलला नाही. मला न बोलताही कळलं. मी दोनच माणसांना सांगितलं होतं. एक तो. दुसरा माझ्या ताटासमोर बसतो.

५ ऑगस्ट, संध्याकाळ

विचारलं.

वेंडेल भांडी पुसत होता. मी म्हटलं, "स्ट्राउडला तू काय सांगितलंस?"

"कशाबद्दल?"

"गेल्या रविवारी. खाडीवर."

त्याने बशी नीट जागेवर ठेवली. "मी मासे धरले, विनी. तीन मिळाले, तू तळलेस. एवढंच झालं रविवारी."

"मग मला कोणी एक प्रश्नसुद्धा का विचारला नाही? लेलंड गेला आणि मी राहिले, ते कसं? कोणीतरी सौदा केला असेल. माझी बायको सोडा, याला घ्या."

"तुला असं वाटतं?"

"दुसरं काय वाटावं?"

"बारा वर्षं झाली," तो म्हणाला. "दुसरं काही वाटायला वाव असेल असं वाटलं होतं मला."

आणि फडकं वाळत घालून बाहेर गेला. हे काही उत्तर नव्हे.

१९ ऑगस्ट

प्रुइट कुटुंब गेलं. हेगर्सटाउनला कोरिनच्या भावाचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. ज्या ज्या कंपनीत लेलंडने अर्ज केला तिथे पहिला प्रश्न परवान्याचा. सामान भरलेल्या ट्रकवर सगळ्यात वर ती पालथी बादली होती. कोरिनने मला मिठी मारली नाही. हात हातात घेतला फक्त.

२ सप्टेंबर, रविवार

वर्तमानपत्रात आलं! आतल्या पानावर नाही, पहिल्या. सरकारनेच जाहीर केलं — जुलैच्या स्फोटातल्या कणांमुळे काही उपग्रहांच्या सौर चकत्या निकामी झाल्या, अपेक्षेपेक्षा जास्त काळ हा पट्टा टिकेल, वगैरे. माझी मोडलेली रेघ. जवळजवळ माझेच आकडे.

आता कोपऱ्यावरचा न्हावीसुद्धा गिऱ्हाइकाला सांगेल.

४ सप्टेंबर

हॅवरकँपकडे गेले, दार उघडंच ठेवून. "आता सगळ्यांना माहीत आहे. प्रुइटला परत बोलवा."

ते थकलेले दिसत होते. वाईट माणूस नाही. तेच तर. "मिसेस बेकेट, तो चूक होता म्हणून गेला नाही. जुलैच्या तीस तारखेला त्याला जे माहीत असायला नको होतं ते माहीत होतं, म्हणून गेला. ते सप्टेंबरमध्ये बदलत नाही."

"त्याची कबुली तरी फाडा. पट्ट्यांत दोष नव्हता हे लिहा."

"अहवालात येईल."

"नावानिशी?"

"अहवालात नावं नसतात."

मी तिथेच सांगायला हवं होतं — मी बोलले, मला काढा. जिभेच्या टोकावर होतं. 'एक पुरे' आठवलं आणि बाहेर आले. आठवलं का आठवण्याची सोय करून घेतली, देव जाणे.

१६ सप्टेंबर

एडिथच्या घरी आले. दोन पेट्या. तिने मागची खोली दिली. "भांडलात?" "नाही." भांडलो असतो तर बरं होतं. दीड महिना एका घरात मीठ मागण्यापलीकडे बोलणं नव्हतं. माझ्या बशीत वाढताना त्याचा हात दिसायचा आणि वाटायचं, या हाताने.

वेंडेलने पेट्या गाडीत ठेवून दिल्या. चाकांत हवा आहे का पाहिलं. "रस्ता ओला आहे," एवढंच म्हणाला.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

काल राष्ट्राध्यक्षांचं भाषण. क्यूबात रशियाची क्षेपणास्त्रं. समुद्रात नाकेबंदी. एडिथने तळघरात पाणी आणि डबाबंद घेवडा नेऊन ठेवला. दुकानात मीठ नाही, मेणबत्त्या नाहीत.

आमच्याकडे सुट्ट्या रद्द. ४-बी मेला तरी त्याच्या आधी सोडलेला ४-ए अजून मधूनमधून बोलतो, वर्षभर जुना आहे, अणुबॅटरीवर तगून आहे. त्याची कक्षा दर फेरीला नवी काढून हवी आहे. कोणाला, ते विचारायचं नसतं. पाण्याखाली पोरं बसली आहेत, आणि 'आपण नेमके कुठे आहोत' हे कळल्याशिवाय त्यांना नेम धरता येत नाही.

वाट चुकलेल्यांसाठी, असं मी एडिथला म्हटलं होतं.

आकडे बिनचूक दिले.  त्याचंच नवल वाटतं.

२७ ऑक्टोबर, शनिवार

आपलं विमान क्यूबावर पाडलं. वैमानिक मेला. मोजणी-यंत्राच्या खोलीत एक जण प्रार्थना पुटपुटत कार्डं लावत होता.

घरी आले तर वेंडेलचा फोन.

"विनी, घरी ये. नाहीतर मी तिकडे येतो. जे व्हायचं ते एका छपराखाली होऊ दे."

मी फोनची तार बोटाला गुंडाळत राहिले.

"तुला वाटतं ते मी केलेलं नाही. पण ते राहू दे. आजच्यापुरतं बाजूला ठेव. पुन्हा सोमवारी रागाव, सोमवार आला तर."

"तू एकदा खरं सांग, मी येते."

"खरंच सांगितलंय."

"मग नको येऊस," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

एडिथने ऐकलं असावं. तिने गरम सुपाचा वाडगा समोर ठेवला. मी तो संपवला. जग बुडायला आलं तरी भूक लागते.

२८ ऑक्टोबर

क्षेपणास्त्रं मागे नेतात म्हणे. चर्चमध्ये लोक रडले. मी नाही.

६ नोव्हेंबर

लेलंड गेला.

कोरिनच्या भावाने कळवलं. हेगर्सटाउनमध्ये एका घराच्या छपरावर टीव्हीचा अँटेना बसवत होता. पाऊस पडून गेलेला, कौलं निसरडी, पाय घसरला. खाली फरशी. दवाखान्यात नेईपर्यंत सुद्धा तगला नाही. एक्कावन्न वर्षांचा होता.

निवडणुकीचा दिवस. मत द्यायला गेले, रांगेत उभी राहिले, आणि माझा नंबर आल्यावर कागद हातात घेऊन तशीच उभी.

८ नोव्हेंबर

हेगर्सटाउन. छोटं चर्च. आमच्याकडून मी एकटी. हॅवरकँपनी फुलं पाठवली होती, प्रयोगशाळेचं नाव न घालता. पाद्री म्हणाला, लेलंड कुशल कारागीर होता, गावातल्या अनेक घरांत त्याच्यामुळे चित्र स्वच्छ दिसतं. उपग्रहाचं नाव नाही. पाद्र्याला माहीतच नव्हतं. कोरिनने सांगायचं नसतं म्हणून सांगितलं नसेल.

वेंडेल आला होता. मागच्या बाकावर. मला वाटलं, याची हिंमत कशी होते. कबरीजवळ त्याने टोपी काढली, दोन्ही हातांनी छातीशी धरली. मी नजर वळवली.

निघताना कोरिन म्हणाली, "रविवारी ये. तुझ्याशी बोलायचं आहे. आज नाही."

११ नोव्हेंबर, रविवार

कोरिनने कॉफी ओतली, बसली आणि सरळ बोलायला लागली.

"त्याला कोणी पकडून दिलं नाही विनी. तो स्वतः गेला. तू सांगून गेलीस, त्या रविवारी दिवसभर स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होता. इतका आनंदात मी त्याला वर्षभरात पाहिला नव्हता. मी म्हटलं, गप्प बस. म्हणाला, मला एकदाच त्यांच्या तोंडून ऐकायचंय. सोमवारी सकाळी चांगला कोट घालून स्ट्राउडच्या दारात गेला आणि विचारलं, बॉम्बच होता ना? तुझं नाव नाही घेतलं. नंतर लाज वाटायची त्याला. तुला सांगू दिलं नाही मला."

घरी आले. फोन लावला. वेंडेलला सगळं सांगितलं, जसंच्या तसं, मधे न थांबता.

 तो म्हणाला, "तिने सांगितलं म्हणून पटलं ना?"

आणि फोन ठेवला, हळूच.